रुटाइल (११०) वर पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड: टीपीडीतला कुठला पीक कुठल्या जागेचा?

चाफेकळी

रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइडचा (११०) स्फटिक आहे, १० × १० × १ मिमी. आर्गॉन आयनांनी १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर स्पटरिंग (आयनांचा मारा करून वरचा थर खरवडणं), मग ९०० केल्विनला १५ मिनिटं ॲनीलिंग (तापवून पृष्ठभाग सुधारणं), अशी बरीच आवर्तनं झाली आहेत. रंग फिकट निळा. लीडमध्ये (कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनात) स्वच्छ (१×१), म्हणजे मूळचीच रचना.

पाण्याचा टीपीडी (स्फटिक ठरावीक दराने तापवत कुठल्या तापमानाला किती वायू सुटतो त्याचा वक्र) २ केल्विन प्रति सेकंद दराने काढला की १६२, १७८, २७२ आणि ४९५ केल्विनला पीक, म्हणजे वक्राची शिखरं, येतात. कार्बन मोनॉक्साइड (पुढे नुसतं सीओ) ९५ केल्विनला सोडला की १४५ ला मोठा पीक, १८० च्या बाजूला खांदा आणि २१५ ला एक लहानसा, पण टोकदार पीक.

प्रश्न तीन. पाण्याचे चार पीक कुठल्या जागांचे? सीओचा खांदा ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांवरचा म्हणायचा का? आणि तो २१५ वाला कोण?

मोजपट्टी

पीकांकडे वळण्याआधी पृष्ठभाग डोळ्यांसमोर आणा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

स्फटिकाचं (११०) तोंड म्हणजे समांतर ओळींचं शेत. एका ओळीत टायटॅनियम आयन, ज्यांना सहाऐवजी पाचच ऑक्सिजन शेजारी आहेत. सहावी जागा वरच्या बाजूला उघडी. शेजारच्या ओळीत पुलासारखे उभे ऑक्सिजन, प्रत्येक दोन टायटॅनियमना धरून, पृष्ठभागाच्या वर डोकावणारे. ओळीच्या दिशेने दोन टायटॅनियममधलं अंतर २.९६ अँगस्ट्रॉम, एका टायटॅनियम-ओळीपासून पुढच्या टायटॅनियम-ओळीपर्यंत ६.५० अँगस्ट्रॉम. म्हणजे एका पेशीचं क्षेत्रफळ ०.१९२ चौरस नॅनोमीटर आणि उघडे टायटॅनियम दर चौरस सेंटिमीटरला ५.२ × १०^१४. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. 'एक थर' म्हणताना याच आकड्याशी तुलना करायची.

तापवलेल्या स्फटिकात पुलावरच्या ऑक्सिजनपैकी काही गायब असतात. नेहमीच्या तयारीत ५ ते १० टक्के. १० × १० नॅनोमीटरच्या एसटीएम (सुईने अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक) चित्रात साधारण ५२० पेशी बसतात, तेव्हा ८ टक्क्यांना ४० च्या आसपास रिकाम्या जागा मोजता यायला हव्यात.

पाणी आणि सीओ दोघंही मुख्यतः त्या उघड्या टायटॅनियमवर बसतात. पाणी ऑक्सिजनच्या टोकाने, सीओ कार्बनच्या टोकाने. फरक पडतो तो रिकाम्या जागांपाशी. पाणी तिथे फुटतं, सीओ फुटत नाही.

निर्वात

चाफेकळी ताई, पाण्याचे पीक असे वाचा.

१६२: बर्फाचे थर. पाणी जास्त सोडलंत की हा वाढतच जातो, भरत नाही, आणि वेगवेगळ्या मात्रांच्या वक्रांची चढती बाजू एकमेकींवर तंतोतंत बसते. शून्य कोटीच्या डिसॉर्प्शनची हीच ओळख.

१७८: दुसरा थर, पुलावरच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने टेकलेलं पाणी. ठरावीक मात्रेनंतर भरतो. १६२ आणि १७८ एकमेकांत मिसळलेले दिसले तर मात्रा ०.२ थराच्या टप्प्यांनी वाढवत जा. आधी २७२ भरेल, मग १७८, मग १६२ उगवेल.

२७२: टायटॅनियम-ओळीवरचा पहिला थर.

४९५: रिकाम्या जागेत फुटलेलं पाणी. एक रेणू रिकाम्या जागेत शिरतो, त्याचा ऑक्सिजन भोक बुजवतो, एक हायड्रोजन शेजारच्या पुलावरच्या ऑक्सिजनवर जातो. झाले दोन हायड्रॉक्सिल. ५०० च्या अलीकडे-पलीकडे तेच दोघं पुन्हा एकत्र येऊन पाणी सुटतं आणि भोक मागे राहतं.

हा शेवटचा पीक तुमच्या हातातलं सगळ्यात स्वस्त मोजमाप आहे. ४९५ चं क्षेत्रफळ भागिले पूर्ण भरलेल्या २७२ चं क्षेत्रफळ, झालं रिकाम्या जागांचं प्रमाण. फक्त २७२ चा पीक खरोखर पूर्ण भरलेला असू द्या, म्हणजे १७८ चा दिसायला लागल्यानंतरचा वक्र घ्या.

गणकयंत्र

एका रिकाम्या जागेमागे दोन हायड्रॉक्सिल होतात ना? मग त्या गुणोत्तराला दोनने भागायला हवं.

निर्वात

नाही. हायड्रॉक्सिल दोन, पण क्यूएमएसपर्यंत (वस्तुमानानुसार वायू मोजणाऱ्या यंत्रापर्यंत) पोचणारं पाणी एकच. आत एक रेणू गेला, बाहेर एक आला, जागा एक. दोनने भागायचं ते एसटीएममध्ये ठिपके मोजताना, तेही सगळे ठिपके हायड्रॉक्सिल असतील तरच.

मोजपट्टी

एसटीएमचा विषय निघालाच आहे तर सांगतो. धन बायसवर (नमुना +१ ते +२ व्होल्ट) टायटॅनियम-ओळी उजळ दिसतात आणि प्रत्यक्षात उंच असलेल्या ऑक्सिजन-ओळी काळ्या, कारण प्रवाह टायटॅनियमच्या रिकाम्या कक्षांमधून जातो. काळ्या ओळीवर उजळ ठिपका दिसला की कित्येक वर्षं लोक त्याला सरळ 'व्हेकन्सी' म्हणायचे. ठिपके तीन जातींचे असतात. कमी उजळ ती रिकामी जागा, जास्त उजळ तो हायड्रॉक्सिल, आणि सगळ्यात ठसठशीत ती हायड्रॉक्सिलची जोडी. २००५-०६ च्या सुमारास हा गुंता सुटला. सुईला क्षणभर ३ व्होल्टच्या आसपास नेलं की हायड्रोजन उडून जातो आणि हायड्रॉक्सिलचा ठिपका नाहीसा होतो, रिकामी जागा मात्र जागच्या जागी राहते.

यात चेंबरमधल्या पोकळीचा हिशेब विसरू नका. चेंबरमध्ये पाण्याची वाफ १ × १०^-१० टॉर (दाबाचं एकक) असली तर दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला सुमारे ४.८ × १०^१० रेणू आदळतात. ८ टक्के रिकाम्या जागा म्हणजे ४.२ × १०^१३. पाणी ओळीवरून घरंगळत भोकापर्यंत पोचतंच, तेव्हा पंधरा मिनिटांत सगळी भोकं हायड्रॉक्सिलनी बुजलेली. ॲनीलिंग संपवून 'जरा थंड होऊ दे' म्हणून चहाला गेलात तर परत येऊन जे मोजाल तो हायड्रॉक्सिलचा पृष्ठभाग असेल.

चाफेकळी

हे कामाचं. म्हणजे सीओ सोडण्याआधी ६०० केल्विनला एक झटका द्यायचा आणि थंड होण्याचा वेळ कमीत कमी ठेवायचा. बरोबर?

निर्वात

बरोबर. आणि थंड होत असताना आयन गेज (दाबमापक), क्यूएमएस, टायटॅनियम सब्लिमेशन पंप यांतलं काहीही नव्याने चालू करू नका. गरम फिलामेंट पहिल्यांदा पाणी आणि सीओच ओकते. सगळं तासभर आधीच चालू करून ठेवा.

तिसरीकक्षा

सीओच्या खांद्याबद्दल. 'खांदा दिसला की वेगळी जागा' हा निष्कर्ष फार घाईचा असतो, आणि या पृष्ठभागावर तर बहुतेक वेळा चुकीचा.

टायटॅनियम-ओळीवर शेजारचे दोन सीओ २.९६ अँगस्ट्रॉमवर येतात. दोघेही उभे, दोघांचे द्विध्रुव एकाच दिशेला, त्यामुळे एकमेकांना ढकलतात. मात्रा कमी असताना रेणू लांब लांब बसतात आणि १७० ते १८० ला सुटतात. ओळ भरत आली की ढकलाढकलीमुळे बंध सैल होतो आणि पीक १४० च्या खाली उतरतो. म्हणजे पूर्ण थराच्या एकाच वक्रात आधी गर्दीतले रेणू सुटतात, गर्दी कमी झाली की उरलेले उशिरा. उजवीकडे लांब शेपूट किंवा खांदा त्यातूनच तयार होतो. जागा एकच, शेजार वेगळा.

दोन गोष्टी वेगळ्या काढायची रीत अशी. ०.०५, ०.१, ०.२, ०.४, ०.७, १.० थर अशा मात्रांचे वक्र एकावर एक ठेवा. सीओसाठी चिकटण्याची शक्यता १ धरली तर पूर्ण थराला साधारण १.४ लँगम्युअर (एक लँगम्युअर म्हणजे १०^-६ टॉर दाबाला एक सेकंद) लागतात, त्यावरून मात्रा ठरवा. सगळ्या वक्रांची उतरती बाजू एकाच रेषेवर बसली आणि माथा मात्रेबरोबर डावीकडे सरकत गेला, तर ते परस्परांचं ढकलणं. याउलट खांदा सर्वात आधी भरला, ठरावीक क्षेत्रफळावर थांबला आणि त्याची जागा हलली नाही, तर ती खरोखर वेगळी जागा.

पूर्ण भरलेल्या ओळीत सीओ ताठ उभे राहत नाहीत, आलटून पालटून कलतात, म्हणजे एक डावीकडे, एक उजवीकडे. त्याने ढकलणं कमी होतं. डीएफटीवाल्यांनी (क्वांटम यांत्रिकीने पृष्ठभागाची ऊर्जा गणणाऱ्यांनी) (१×१) पेशीत एकच सीओ ठेवला तर हे कलणं दिसूच शकत नाही, कारण सगळे एकाच बाजूला कलायला बांधलेले असतात. निदान (२×१) घ्या.

सांजवात

खांदा रिकाम्या जागेचा आहे का याची थेट परीक्षा पाण्यानेच होते.

अर्धा थर पाणी १०० केल्विनला सोडा. ३५० केल्विनपर्यंत न्या. ओळीवरचं सगळं पाणी जातं, भोकांतले हायड्रॉक्सिल राहतात. परत ९५ ला या आणि सीओ सोडा. खांदा जसाच्या तसा राहिला तर त्याचा रिकाम्या जागेशी संबंध नाही. नाहीसा झाला तर आहे.

ऑक्सिजनने भोकं बुजवण्याचा मोह टाळा. सामान्य तापमानाला ऑक्सिजनचा रेणू भोकात फुटतो, एक अणू भोक बुजवतो आणि दुसरा शेजारच्या टायटॅनियमवर बसून राहतो. म्हणजे सीओची जागा अडते. क्षेत्रफळ कमी झालेलं दिसतं आणि माणूस 'बघा, भोकं बुजल्यावर सीओ कमी बसला' असं म्हणून मोकळा होतो.

दुसरा उपाय कार्बन डायऑक्साइडचा. ओळीवरचा १३७ केल्विनच्या आसपास सुटतो, रिकाम्या जागेवरचा त्याहून तीसेक अंश वर. तो फुटत नाही, पृष्ठभाग बिघडवत नाही, आणि दोन पीक स्वच्छ वेगळे दिसतात. पाण्याच्या ४९५ वरून काढलेला आकडा आणि हा आकडा जुळायला हवा.

गणकयंत्र

हायड्रॉक्सिलने भोक बुजलं की पृष्ठभाग 'ऑक्सिडाइज' झाला असं धरायचं का?

सांजवात

अजिबात नाही. एका रिकाम्या जागेमागे दोन जादा इलेक्ट्रॉन उरतात, टायटॅनियमच्या ३d कक्षांत. पाण्याने ते कुठेच जात नाहीत, हायड्रॉक्सिलच्या जोडीबरोबर तिथेच राहतात. यूपीएसमध्ये (अतिनील प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा मोजताना) फर्मी पातळीच्या, म्हणजे भरलेल्या पातळ्यांच्या वरच्या सीमेच्या, सुमारे ०.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट खालची ती छोटी टेकडी पाणी सोडल्यानंतरही दिसते. ऑक्सिजन सोडला की मात्र बसते, कारण ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन लागतात. शिवाय सगळे जादा इलेक्ट्रॉन भोकांचेच नसतात. स्फटिकाच्या पोटात फटींत अडकलेले टायटॅनियमही ते पुरवतात, निळा रंग मुख्यतः त्यांचाच.

निर्वात

आता तो २१५ वाला. लहान, टोकदार आणि जुळवाजुळवीत न बसणारा पीक दिसला की आधी स्फटिकावर नाही, त्याला धरणाऱ्या तारांवर संशय घ्या.

नेहमीची मांडणी अशी असते: स्फटिक टँटलमच्या पत्र्यावर, टँटलमच्या पट्ट्यांनी धरलेला, मागून तापवलेला. सीओ चेंबरभर पसरवून सोडला तर तो पट्ट्यांवर, तारांवर, थर्मोकपलवर, सगळीकडे बसतो. पत्रा स्फटिकाच्या आधी तापतो, तार उशिरा. त्यांचा सीओ त्यांच्या स्वतःच्या तापमानाला सुटतो आणि तुम्ही तो स्फटिकाच्या तापमानाच्या आसावर काढता. त्यामुळे तो '२१५' हा आकडा निरर्थक असू शकतो.

तपासणी सोपी. एकदा वायू पसरवून सोडा, एकदा स्फटिकासमोर ५ ते १० मिमीवर आणलेल्या बारीक नळीतून. नळीतून सोडल्यावर २१५ बाकीच्यांच्या मानाने आक्रसला तर तो धारकाचा. तापवण्याचा दर २ वरून ०.५ केल्विन प्रति सेकंद करा. स्फटिकावरचा पीक थोडासाच, काही अंशांनी, खाली सरकेल. धारकाचा भलतीकडेच उडी मारेल.

क्यूएमएसच्या तोंडाला ३-४ मिमी भोकाची टोपी लावून स्फटिक त्याच्या एक-दोन मिमी जवळ न्या. बाहेरून येणारा वायू ९० टक्के तिथेच आटोपतो. पण स्फटिकाला उणे ५० ते उणे १०० व्होल्ट द्यायला विसरू नका, नाहीतर क्यूएमएसच्या फिलामेंटचे इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पडतात आणि तुम्ही इलेक्ट्रॉनांनी फोडलेलं पाणी मोजत बसता.

चाफेकळी

वायू पसरवूनच सोडत होतो. नळी लावून २१५ नाहीसा झाला, १४५ आणि खांदा जसेच्या तसे आहेत.

थर्मोकपल सध्या टँटलमच्या पत्र्याला वेल्ड केलेला आहे. त्याने किती फरक पडतो?

मोजपट्टी

पुष्कळ. ऑक्साइड उष्णता धिम्या गतीने वाहतो आणि पत्रा-स्फटिक यांच्यात निर्वातात स्पर्श फक्त दोनचार बिंदूंवर असतो. २ केल्विन प्रति सेकंदाला पत्रा आणि स्फटिकाच्या पुढच्या तोंडात वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो, आणि तो दरानुसार बदलतो.

के-प्रकारचा थर्मोकपल (क्रोमेल-ॲल्युमेल, ०.१ मिमी तार) स्फटिकाच्या कडेला सिरॅमिक सिमेंटने चिकटवा. सिमेंटचा ठिपका मोहरीएवढा पुरे. जाड लावलात तर तोच आधी वायू सोडेल. सिमेंट हवेत ९० ते १०० अंश सेल्सियसला दोन तास वाळवून मगच चेंबरमध्ये, नाहीतर दोन दिवस पाणीच पाणी. पत्रा आणि स्फटिकामध्ये सोन्याचा पातळ वर्ख ठेवला तर स्पर्श सुधारतो.

पायरोमीटरवर विसंबू नका. रुटाइल अवरक्ताच्या मोठ्या पट्ट्यात पारदर्शक आहे, पायरोमीटर आरपार मागचा तापलेला पत्रा वाचतो. ॲनीलिंगची '९०० केल्विन' ही नोंद प्रत्यक्षात ८२० असण्याची शक्यता तिथूनच येते, आणि मग दोन प्रयोगशाळांतल्या रिकाम्या जागांचं प्रमाण जुळत नाही.

तापमान तपासायला बर्फाचा पीकच वापरा. २ केल्विन प्रति सेकंदाला जाड बर्फाची चढती बाजू नेहमी एकाच जागी उगवते. स्फटिक बदला, थर्मोकपल बदला, आधी ती चढती बाजू जुन्या वक्रावर बसते का ते पाहा.

तिसरीकक्षा

तापमान नीट झालं की लोक लगेच ऊर्जा काढतात. तिथली फसगत सांगतो.

रेडहेडचं सूत्र: ऊर्जा = आर × टी × [एलएन(न्यू × टी ÷ बीटा) − ३.६४]. आर वायुस्थिरांक, टी माथ्याचं तापमान, बीटा तापवण्याचा दर आणि न्यू म्हणजे रेणू सेकंदाला किती वेळा सुटायला धडपडतो तो आकडा. पाण्यासाठी टी २७० केल्विन, बीटा २ केल्विन प्रति सेकंद. न्यू १०^१३ धरलात तर ऊर्जा ७० किलोज्यूल प्रति मोल. तोच न्यू १०^१५ धरलात तर ८०. वक्र तोच, पीक तोच, नुसत्या गृहीतकाने दहा किलोज्यूल इकडचे तिकडे. न्यूचा प्रत्येक दशक २७० केल्विनला ५.२ किलोज्यूल खातो, १५० केल्विनला २.९.

'सगळे १०^१३ च धरतात' ही काही सबब नव्हे. पृष्ठभागावर रेणू जितका घट्ट आणि शिस्तीत बसलेला, तितकी सुटताना त्याची एन्ट्रॉपी जास्त वाढते आणि न्यू मोठा होतो.

याचं ठळक उदाहरण मॅग्नेशियम ऑक्साइड (१००) वरचा सीओ. एकेकाळी बंधऊर्जा ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर सांगितली जायची, पातळ फिल्मवरच्या मोजमापांवरून. १९९९ साली बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर इन्स्टिट्यूटमधल्या फ्रॉइंड यांच्या गटाने स्फटिक निर्वातातच फोडून नवंकोरं तोंड मिळवलं आणि मोजलं. सीओ ५७ केल्विनला सुटला, ऊर्जा ०.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याच पद्धतीने निकेल ऑक्साइडवर ०.३० आली. जुन्या मोठ्या आकड्यांमागे पायऱ्या, कोपरे आणि दोष होते, कारण कोपऱ्यावरच्या मॅग्नेशियमला शेजारी कमी, तो सीओला जास्त घट्ट धरतो.

गंमत अशी की ०.१४ हाही शेवटचा शब्द ठरला नाही. न्यू मोठा धरून, शून्यबिंदू ऊर्जा आणि शेजाऱ्यांचा परिणाम हिशेबात घेऊन त्याच मापनांवरून २० किलोज्यूल प्रति मोलच्या जवळचा आकडा निघतो, म्हणजे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोडा वर. उच्च दर्जाची क्वांटम रसायनाची गणितंही तिथेच येऊन थांबली.

गणकयंत्र

मॅग्नेशियम ऑक्साइडवर सीओ ओळीत बसतो की चौकटीत? तिथे तर ओळी नाहीत.

तिसरीकक्षा

तिथे मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन बुद्धिबळाच्या पटासारखे, उंची एकच. सीओ मॅग्नेशियमवर कार्बनने बसतो. थंडीत c(४×२) रचना मिळते (रोमन सी, मध्य असलेली पेशी), दर चार मॅग्नेशियममागे तीन सीओ, काही उभे, काही कललेले. बंध इतका कच्चा की रेणूंमधला आपसातला संबंध आणि पृष्ठभागाशी असलेला संबंध जवळपास तोलामोलाचे, म्हणून अशी गुंतागुंतीची रचना. रुटाइलवर पृष्ठभागाची ओळ वरचढ, तिथे रेणूंना ओळीबाहेर जाताच येत नाही.

पाण्यालाही हेच लागू. रुटाइल (११०) वर पहिला थर ओळीला धरून लांब साखळ्या करतो. त्यातलं पाणी अखंड की फुटलेलं, यावर दोन दशकं हाणामारी झाली, कारण दोन अवस्थांतला फरक जेमतेम ०.०३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, अखंड पाण्याच्या बाजूने. झिंक ऑक्साइडच्या (१०-१०) तोंडावर मात्र दर दुसरा रेणू फुटतो आणि (२×१) रचना उभी राहते, तिथे वादच नाही.

पावडरवाला

एकच स्फटिक आणि अतिनिर्वात सगळ्यांच्या नशिबी नसतो. पी-२५ सारख्या (बाजारात मिळणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या) भुकटीवर यातलं काय टिकतं?

सांजवात

बऱ्यापैकी टिकतं, पण साधन बदला. भुकटीवर टीपीडी म्हणजे छिद्रांतून पुन्हा पुन्हा चिकटत बाहेर येणाऱ्या रेणूंचा वक्र. पीक शंभर अंश वर गेला तरी नवल नाही. त्यावरून बंधऊर्जा काढू नका.

त्याऐवजी सीओचा अवरक्त वर्णपट घ्या. १० ते २० मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरची पातळ वडी दाबा, निर्वातात तापवा, द्रव नायट्रोजनने थंड करून सीओ थोडा थोडा सोडा. मोकळ्या सीओचं कंपन २१४३ प्रति सेंटिमीटर. टायटॅनियमवर बसला की २१८० च्या आसपास, म्हणजे वर. धातूंवर उलट घडतं, धातू सीओच्या प्रतिबंधी कक्षेत इलेक्ट्रॉन ढकलतो, बंध सैल होतो, आकडा २१०० च्या खाली येतो. टायटॅनियम चार-धनाकडे ढकलायला इलेक्ट्रॉनच नाहीत, त्याचं विद्युतक्षेत्र सीओचा बंध उलट आवळतं. मात्रा वाढवली की पट्टा काही प्रति सेंटिमीटरने खाली घसरतो, तेच शेजाऱ्यांचं ढकलणं. २१५० च्या आसपासचा पट्टा हायड्रॉक्सिलला टेकलेल्या सीओचा. तो मोठा असेल तर वडी पुरेशी सुकलेली नाही.

सुकली का हे १६२० च्या पट्ट्यावरून बघा, तो अखंड पाण्याचा. तो गेला तरी ३६०० ते ३७०० मधले हायड्रॉक्सिल राहतात. ते घालवायला ४०० अंश सेल्सियसच्या वर जाल तर निर्वातात भुकटी करडी-निळी पडायला लागते, म्हणजे तुम्ही ऑक्सिजन काढायला लागलात. आधी ४०० ला ऑक्सिजनमध्ये, मग तिथेच थोडा वेळ निर्वात, असा क्रम ठेवा.

पावडरवाला

आणि बीईटी, म्हणजे नायट्रोजन चिकटवून मोजलेलं पृष्ठफळ?

सांजवात

पी-२५ साठी ५० चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या आसपास यायला हवं. नायट्रोजनच्या रेणूला ०.१६२ चौरस नॅनोमीटर धरून पहिला थर ग्रॅममागे ११.५ घन सेंटिमीटर (प्रमाण स्थितीत). सापेक्ष दाब ०.०५ ते ०.३० मधलेच बिंदू घ्या, बीईटी समीकरणातला सी स्थिरांक ऋण आला तर दाबाचा पट्टा चुकला. नायट्रोजनचं चतुर्ध्रुव हायड्रॉक्सिलवर ठरावीक दिशेने बसतं, त्यामुळे तो ०.१६२ आकडा ऑक्साइडवर डळमळीत. आयुपॅकने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २०१५ साली म्हणूनच ८७ केल्विनच्या आर्गॉनची शिफारस केली.

गणकयंत्र

डीएफटी करणाऱ्यांसाठी रुटाइल (११०) बद्दल दोन ओळी लिहा कोणीतरी. तीन थरांच्या स्लॅबवर (गणितात स्फटिकाऐवजी घेतलेल्या पातळ चकतीवर) आणि चार थरांच्या स्लॅबवर सीओची ऊर्जा वेगळी येते.

तिसरीकक्षा

येणारच. या पृष्ठभागावर सम-विषम थरांची हेलकावणी प्रसिद्ध आहे. पाच थरांपर्यंत जा, किंवा चार घेऊन खालचे दोन जागेवर बांधा, आणि आकडा कुठे स्थिरावतो ते लेखात द्या. निर्वाताची पोकळी १५ अँगस्ट्रॉम पुरते. विखुरण बल (रेणूंमधलं कमजोर व्हॅन डर वाल्स आकर्षण) घालाच, सीओसारख्या कच्च्या बंधात त्याशिवाय अर्थ नाही. रिकामी जागा असेल तर साधं जीजीए (डीएफटीचं नेहमीचं सूत्र) तिचे दोन इलेक्ट्रॉन सगळीकडे पसरवतं, यू (इलेक्ट्रॉन एका अणूवर बांधणारी दुरुस्ती) ३ ते ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट किंवा संकरित फंक्शनल (त्याहून अचूक सूत्र) लागतं. आणि ते इलेक्ट्रॉन कुठल्या टायटॅनियमवर बसले ते तपासा. दोन वेगळ्या सुरुवातींतून दोन वेगळ्या ऊर्जा येतात, त्यात खालची ती तुमची.

अवांतर: भूमिती म्हणजेच सगळं, असं समजू नका. रुथेनियम डायऑक्साइडचं (११०) तोंड रुटाइलसारखंच, ओळी त्याच, उघडा धातू तसाच. पण तिथे सीओ एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर धरला जातो आणि शेजारच्या ऑक्सिजनला घेऊन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. तो ऑक्साइड धातूसारखा वाहक आहे, टायटॅनियमचा नाही.

चाफेकळी

थर्मोकपल स्फटिकाच्या कडेला चिकटवला. बर्फाची चढती बाजू आता दर वेळी एकाच जागी येते. सीओचे सहा मात्रांचे वक्र काढले: उतरती बाजू एकावर एक, माथा १७४ वरून १३८ ला सरकतो. पाणी सोडून ३५० ला नेऊन पुन्हा काढलं तरी खांदा तसाच.

म्हणजे खांदा रिकाम्या जागेचा नाही. पण एकूण क्षेत्रफळ पाण्याच्या पूर्ण थराशी ताडून पाहिलं तर सीओ ०.८ थरच बसतोय. उरलेल्या २० टक्के टायटॅनियमवर काय आहे?

निर्वात

तीन शक्यता, याच क्रमाने तपासा.

पहिली, ९५ केल्विनला शेवटचे रेणू टिकतच नसतील. गर्दीत बंध सैल असतो, सोडणं थांबवल्यावर ते निसटतात. द्रव नायट्रोजनच्या नळीतून हेलियमचे बुडबुडे सोडले की तापमान आणखी दहाएक अंश खाली जातं. तेवढ्याने क्षेत्रफळ वाढलं तर प्रश्न मिटला.

दुसरी, थंड होताना पार्श्वभूमीचं पाणी ओळीवर बसलं असेल. सीओच्या टीपीडीतच वस्तुमान १८ चा वक्रही नोंदवा. २७० ला काही दिसलं तर तेच. पाणी जास्त घट्ट बसतं, सीओ त्याला हलवू शकत नाही.

तिसरी, कॅल्शियम. नवा स्फटिक तापवत गेलात की पोटातलं कॅल्शियम वर येतं आणि सहज जात नाही. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी मूलद्रव्य ओळखण्याच्या पद्धतीत) ३४७ इलेक्ट्रॉनव्होल्टला बघा. असेल तर आणखी स्पटरिंग, पण ॲनीलिंग लहान ठेवा, नाहीतर तितकंच पुन्हा वर येईल.

आणि वस्तुमान संवेदनशीलता दुरुस्त केली आहे ना? २८ आणि १८ चं क्षेत्रफळ सरळ ताडता येत नाही. आयनीकरण, तुकडे होणं आणि पंपाचा वेग तिन्ही वेगळे. सीओचा पूर्ण थर सीओच्याच वक्रावरून ठरवा, जिथे माथा सरकायचा थांबतो आणि नव्या मात्रेने क्षेत्रफळ वाढत नाही तिथून.

मोजपट्टी

एक पुरवणी. २८ वर नायट्रोजनही येतो. १२ आणि १४ सोबत नोंदवा, किंवा कार्बन-१३ वाला सीओ घेऊन २९ वर मोजा. त्याची छोटी बाटली पुष्कळ महिने पुरते, एका वक्राला लागतो किती.

लीड शेवटी करा. इलेक्ट्रॉन शलाका पाच मिनिटं एका जागी ठेवली की पुलावरचे ऑक्सिजन उडायला लागतात. क्नोटेक आणि फाइबेलमन यांनी १९७८ साली याच ऑक्साइडवरून त्याची यंत्रणा सांगितली. टायटॅनियमच्या आतल्या कवचात भोक पडलं की शेजारच्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन ते भरायला जातात, ऑक्सिजन धन होऊन बाहेर फेकला जातो. सकाळी लीड आणि दुपारी टीपीडी असा क्रम असेल तर ४९५ चा पीक दर दिवशी थोडा वाढलेला मिळेल.

चाफेकळी

१८ च्या वक्रात २७० ला स्पष्ट टेकडी आहे, पूर्ण थराच्या १५ टक्के. थंड व्हायला २५ मिनिटं लागत होती.

निर्वात

मग सापडला. २५ मिनिटांत १५ टक्के थर म्हणजे पाण्याचा अंशदाब साधारण १ × १०^-१० टॉर, तोही मुख्यतः धारकाजवळून येणारा. धारक ७०० केल्विनला रात्रभर ठेवून वायुमुक्त करा, त्या वेळी नायट्रोजनची टाकी रिकामी ठेवा. नंतर टाकी आधी भरून घ्या, मग स्फटिकाला ६०० चा झटका द्या. म्हणजे आजूबाजूचे थंड भाग पाणी खेचून घेतील आणि सगळ्यात शेवटी थंड होणारी वस्तू तुमचा स्फटिक असेल.